छात्राध्यापकासाठी शिफारसपत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतल्या अध्यापन-सरावाचे शेवटचे दिवस आले की छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्याचं शिक्षण घेणारे विद्यार्थी, शिक्षक-खोलीच्या दाराशी घुटमळू लागतात. "सर, एक पत्र हवं होतं." "मॅडम, तुमची शिफारस मिळाली तर बरं होईल." आणि त्यांचे मार्गदर्शक शिक्षक मला विचारू लागतात की हे पत्र लिहायचं कसं. बरीच वर्षं मी छात्राध्यापकांचे पाठ पाहतो आहे, त्यांच्यासाठी पत्रं लिहितो आहे आणि निवड समितीत बसून इतरांनी लिहिलेली पत्रं वाचतोही आहे. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक मार्गदर्शक शिक्षकांचे आहेत, काही मुख्याध्यापकांचे, आणि एक-दोन छात्राध्यापकांचेच.

१. सरावाचा दाखला तर दिलाय. मग शिफारसपत्र वेगळं कशाला?

दाखला शाळेच्या दप्तरावरून देता येतो. अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आली, इतके पाठ घेतले, वर्तणूक चांगली. देणाऱ्याने तिला शिकवताना एकदाही पाहिलं नसलं तरी दाखला खराच असतो. शिफारसपत्र ही साक्ष आहे. या माणसाला मी वर्गात पाहिलं, काय पाहिलं ते हे, आणि त्यावरून माझं मत असं. छात्राध्यापकाच्या अध्यापक महाविद्यालयाकडे जाणारा गुणतक्ता ही तिसरी गोष्ट. त्यातले आकडे पत्रात उतरवू नका. निवड करणाऱ्याला हवे असतील तर ते त्याला तक्त्यातच दिसतात. आकड्यांमागे वर्गात काय घडत होतं, हे फक्त तुम्ही सांगू शकता.

२. मी साधा विषयशिक्षक आहे. मुख्याध्यापकांच्या सहीच्या पत्राला जास्त वजन नाही का?

ज्याने जास्त पाठ पाहिले, त्याच्या पत्राला जास्त वजन असतं. मुख्याध्यापकांनी दोन पाठ पाहिले असतील आणि तुम्ही तीस, तर पत्र तुम्हीच लिहा. समितीत असताना मोठ्या हुद्द्याचं पण पोकळ पत्र आम्ही अर्ध्या मिनिटात बाजूला ठेवत असू. वर्गशिक्षकाने लिहिलेलं भरीव पत्र मात्र हातोहात फिरायचं. अर्जात दोन पत्रं मागितली असतील तर एक शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाचं आणि एक महाविद्यालयातल्या प्राध्यापकाचं असावं. प्राध्यापकाला पहिला अडखळता पाठ आणि शेवटचा पाठ यांतलं अंतर दिसलेलं असतं, तर शाळेतल्या शिक्षकाला रोजचं वागणं. दोघांनी एकच गोष्ट सांगू नये, एवढं आपसात बोलून घ्या.

३. मी छात्राध्यापक आहे. पत्र कधी आणि कसं मागावं?

सराव संपायच्या आत, समोरासमोर, आणि हवं त्या तारखेच्या निदान तीन आठवडे आधी. "पत्र द्याल का?" असं विचारण्यापेक्षा "माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का?" असं विचारा. या प्रश्नामुळे शिक्षकाला नाही म्हणायची वाट मोकळी राहते, आणि त्यात तुमचंच हित आहे. कोमट पत्रापेक्षा पत्र नसलेलं बरं. समोरून उत्तर रेंगाळलं तर मनाला लावून न घेता दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

४. पत्र लिहायला बसण्याआधी छात्राध्यापकाकडून काय मागवून घ्यावं?

कोणत्या जागेसाठी अर्ज आहे ते, जाहिरातीतला मजकूर, शेवटची तारीख आणि पत्र कुणाच्या नावे जायचं आहे ते. शिवाय त्याची टाचणवही (पाठांच्या आखणीची वही), आणि स्वतःला चांगला वाटलेला एक व फसलेला एक अशा दोन पाठांबद्दल चार-चार ओळी. या चार ओळी मी कधीच सोडत नाही. फसलेल्या पाठाबद्दल तो काय लिहितो, यावरून बरंच कळतं. "मुलं ऐकत नव्हती" असं लिहिणारा वेगळा, आणि "मी एकदम तीन सूचना दिल्या, त्यामुळे मुलं गोंधळली" असं लिहिणारा वेगळा. दुसऱ्या माणसासाठी पत्र लिहायला मला वेळ पुरत नाही, इतकं सुचत जातं.

५. पत्र किती लांबीचं असावं? त्यात काय काय यायलाच हवं?

छापील एक पान, फार तर सव्वा. अर्ध्या पानात संपलं तर वाचणाऱ्याला वाटतं की सांगण्यासारखं काही नव्हतं.

सुरुवातीलाच तुमची आणि त्याची ओळख कशी, हे आकड्यांसकट सांगा. कोणती इयत्ता, कोणता विषय, किती आठवडे, किती पाठ तुम्ही स्वतः बसून पाहिले. "जवळून ओळखतो" यापेक्षा "१२ आठवड्यांत त्याचे २८ पाठ मी वर्गात बसून पाहिले" हे वाक्य कितीतरी पटींनी बोलतं. मग दोन किंवा तीन प्रसंग (प्रश्न ६ पाहा). मग वर्गाबाहेरचं वागणं थोडक्यात : सहकाऱ्यांशी, पालकांशी, वेळेच्या बाबतीत. मग त्याच्यात झालेली वाढ (प्रश्न ९). शेवटी स्पष्ट शिफारस. या क्रमाला चिकटून राहायलाच हवं असं नाही. पण पहिला आणि शेवटचा मुद्दा गाळू नका. पहिल्यामुळे तुमच्या शब्दाला आधार मिळतो आणि शेवटच्यामुळे पत्राला अर्थ.

६. मी "मेहनती, शिस्तप्रिय, विषयाचे उत्तम ज्ञान, विद्यार्थीप्रिय" असं लिहिलंय. यात चूक काय?

चूक काही नाही. पण हेच शब्द बाकीच्या तीस पत्रांतही आहेत. विशेषण हा तुमचा निकाल झाला. वाचणाऱ्याला पुरावा हवा असतो, म्हणजे निकाल तो स्वतः काढू शकेल.

एक उदाहरण देतो. माझ्या एका छात्राध्यापिकेच्या पत्राचा पहिला मसुदा मी असा केला होता : "विद्यार्थ्यांच्या चुका त्या अत्यंत संयमाने हाताळतात." दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा मलाच ते फिकं वाटलं. मग पाठनिरीक्षणाच्या वहीत शोधून हे लिहिलं :

"सहावीच्या वर्गात एका मुलाने फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच असं मांडलं. वर्ग हसला. त्यांनी उत्तर पुसलं नाही. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, एकीचा अर्धा भाग रंगवला, दुसरीचे पाच सारखे भाग करून दोन रंगवले आणि शेजारी शेजारी धरून विचारलं, 'यातलं मोठं कोणतं?' मुलगा थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, 'अर्धं मोठं आहे. पण मी तर त्यात अजून मिळवलं होतं, मग कमी कसं झालं?' पुढचा अर्धा तास वर्गाने त्याच्या या प्रश्नावर घालवला. समच्छेद हा शब्द शेवटी आला, आणि तोवर मुलांना तो हवासा झाला होता."

यात 'संयमी' हा शब्द नाही, 'विषयज्ञान' हा शब्द नाही, 'कल्पक' नाही. तिन्ही गोष्टी मात्र दिसतात. शिवाय हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या पत्रात चिकटवता येणार नाही. पत्र तपासायची हीच माझी कसोटी आहे : नाव बदलून दुसऱ्या छात्राध्यापकाला देता येत असेल, तर ते अजून लिहून झालेलं नाही.

कुठे बघायचं? प्रश्न विचारल्यावर तो किती थांबतो, तिथे आधी बघा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. हा अवकाश तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. नवख्या माणसाला त्या तीन सेकंदांची शांतता खायला उठते. ती सहन करायला जो शिकला, त्याच्याबद्दल तेवढंच लिहिलंत तरी जाणता वाचक ओळखेल. मग चुकीच्या उत्तराचं तो काय करतो, टाचण कोलमडलं तर कुठे वळतो, मागच्या बाकावर दिवसातून किती वेळा जातो, आणि वहीत नुसती बरोबरची खूण करतो की मुलाला पुढे काय करायचं ते सुचवतो, हेही बघा.

७. प्रसंग लिहायचा म्हणताय, पण मला नेमकं काही आठवत नाही.

पाठनिरीक्षणाच्या नोंदी काढा. प्रत्येक पाठानंतर तुम्ही लिहिलेले शेरे हाच खरा कच्चा माल असतो. टाचणवहीच्या समासात केलेल्या दुरुस्त्याही बघा. सरळ मुलांनाही विचारता येतं : "नव्या बाईंचा कोणता तास आठवतो?" मुलं जे सांगतात ते अनेकदा आपल्या नजरेतून सुटलेलं असतं.

एवढं करूनही हाती काही लागलं नाही, तर बहुधा तुम्ही त्याला पुरेसं पाहिलेलं नाही. तसं असेल तर प्रश्न ११ वाचा. आणि पुढच्या वेळेसाठी : पाठ पाहताना शेरा लिहायच्या आधी घडलं ते लिहा. "छान प्रश्न" असं लिहून ठेवलं तर दोन महिन्यांनी त्याचा काही उपयोग होत नाही. मुलाला विचारलेला प्रश्न शब्दशः लिहून ठेवलात तर तो कायम कामाला येतो.

८. "मला हे पत्र लिहिताना अतिशय आनंद होत आहे" अशी सुरुवात चालेल का?

चालेल, पण त्या एका ओळीची जागा वाया जाते. शेवटचं वाक्य मात्र जपून लिहा, कारण वाचणारा तिथे तुमचा आवाज ऐकायचा प्रयत्न करतो. "संधी मिळाल्यास ते चांगले काम करू शकतील असे वाटते" यात तीन पळवाटा आहेत आणि समितीला त्या तिन्ही दिसतात. "माझ्या शाळेत जागा असती तर मी तिला आजच घेतलं असतं", "माझ्या स्वतःच्या मुलाला तिच्या वर्गात आनंदाने बसवेन", ही वाक्यं खरी असतील तरच लिहा. खरी असतील तर बिनदिक्कत लिहा.

९. उणिवा लिहाव्यात का? लिहिल्या तर नोकरी जाईल अशी भीती वाटते.

छात्राध्यापक शिकतो आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. एकही उणीव नसलेलं पत्र म्हणूनच संशयास्पद वाटतं. पण उणिवांची यादी करून जोडायची नाही. कुठे कच्चं होतं, काय सांगितलं, त्याने काय बदललं आणि आता कुठे आहे, एवढा प्रवास लिहायचा.

सूक्ष्म अध्यापनाची पद्धत १९६०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आली. ती उभी आहे ती याच कल्पनेवर : छोटा पाठ घ्या, प्रत्याभरण (पाठाबद्दलचा अभिप्राय) ऐका, पाठ नव्याने आखून पुन्हा घ्या. शिक्षकाचं शिक्षण पहिल्या पाठापेक्षा त्या दुसऱ्या पाठात होतं. मग पत्रातही दुसरा पाठ दिसायला हवा. "सुरुवातीला फळ्याकडे तोंड करूनच बोलत असे. सांगितल्यावर फळ्यावरचं लिखाण तासापूर्वीच उरकू लागला. चौथ्या आठवड्यापासून तो लिहायला वळला तरी बोलायचं थांबवून मगच वळत असे." असं वाचल्यावर कुणी नोकरी नाकारत नाही. सांगितलेलं ऐकतो आणि बदलतो, ही नव्या शिक्षकाबद्दल मिळू शकणारी सर्वांत मोलाची बातमी आहे.

सुधारणा झालीच नसेल तर? बारीकसारीक बाब असेल तर सोडून द्या. मोठी असेल तर प्रश्न १२ कडे वळा.

१०. मुलं तिच्यावर जीव टाकतात, पण वर्ग हाताबाहेर जातो. हे कसं मांडू?

जसं आहे तसं, पण आधी नीट पाहून. "वर्गनियंत्रण कच्चं" या दोन शब्दांखाली फार वेगवेगळ्या गोष्टी दडतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी १९७०मध्ये मांडलेले निष्कर्ष इथे उपयोगी पडतात. मूल चुकल्यावर शिक्षक काय बोलतो, यावरून चांगले आणि सामान्य वर्ग वेगळे काढता येईनात. फरक होता तो आधीच्या कामात : साऱ्या वर्गावर नजर असणं, एका वेळी दोन गोष्टी सांभाळणं, आणि एका कामाकडून दुसऱ्याकडे वर्गाला न अडखळता नेणं.

म्हणून गोंधळ नेमका कधी होतो ते बघा. गट पाडताना? साहित्य वाटताना? तास संपायच्या आधी पाच मिनिटं? बहुतेकदा गोंधळ एखाद्याच जागी असतो. मग पत्रात लिहा : "शिकवत असताना वर्ग पूर्ण तिच्याबरोबर असतो. गटकार्याकडे वळताना सूचना उशिरा दिल्यामुळे गोंधळ व्हायचा, यावर ती काम करते आहे." हे न्याय्य आहे, खरं आहे, आणि पुढच्या शाळेतल्या मार्गदर्शकाला मदत कुठे लागेल हेही कळतं.

आणि आवाज म्हणजे गोंधळ नव्हे. तीस मुलं एखाद्या प्रयोगावर वाद घालत असतील तर आवाज होणारच. तो तुमच्या निरीक्षणात शिस्तीचा दोष म्हणून पडला असेल, तर पत्र लिहिण्याआधी ती नोंद पुन्हा वाचा.

११. मी त्याचे फक्त चार पाठ पाहिलेत. पत्र देऊ का?

द्या, पण चारच पाहिले हे लिहा. त्या चारांत काय दिसलं तेवढंच सांगा, बाकी गोष्टींवर मत देऊ नका. मर्यादा कबूल करणाऱ्या पत्रावर वाचणारा जास्त विश्वास ठेवतो. चारांवरून "सर्वच बाबतींत उत्कृष्ट" असं लिहिणं हा एक जुना मोह आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२०मध्ये दाखवलं होतं की एखाद्या व्यक्तीचा एक गुण मनात भरला की आपण तिच्या बाकीच्या गुणांनाही त्याच मापाने मोजू लागतो. सुंदर अक्षर असलेला छात्राध्यापक आपल्याला नियोजनातही पक्का वाटायला लागतो, तसं.

१२. मला शिफारस करायची नाही. नकार कसा द्यायचा?

लवकर, एकांतात आणि सरळ. "तुझ्यासाठी ठाम पत्र मला लिहिता येणार नाही. ज्यांनी तुझं चांगलं काम पाहिलं आहे त्यांच्याकडे माग." कारण विचारलं तर द्या. तेव्हा मात्र सरावात आधी न सांगितलेलं काही पहिल्यांदाच बाहेर येता कामा नये. शेवटच्या दिवशी त्याला धक्का बसत असेल, तर आधीच्या आठवड्यांत आपण बोलायला कमी पडलो.

नकार जड जातो म्हणून मिळमिळीत पत्र देणारे अनेक आहेत. मीही एकदा दिलं होतं. छात्राध्यापक घरच्या अडचणीत होता, मला राहवलं नाही, आणि न पाहिलेले गुण मी लिहिले. पुढे त्याच्या वर्गाचं जे झालं ते कानावर आलं तेव्हा मला त्या वर्गातली मुलं डोळ्यांसमोर आली. पत्र मागणारा आपल्यासमोर असतो, ती मुलं नसतात. त्यांच्या बाजूनेही कुणीतरी विचार करायला हवा, आणि त्या क्षणी तो आपणच करू शकतो.

१३. तो म्हणतो, "सर, मीच लिहून आणतो, तुम्ही फक्त सही करा." किंवा संगणकाकडून लिहून घेतलं तर?

पहिल्याला माझं उत्तर ठाम नाही असं आहे. माहिती त्याच्याकडून घ्या (प्रश्न ४), वाक्यं तुमची हवीत. स्वतःबद्दल लिहिताना माणूस एक तर संकोचतो किंवा फुगवतो, आणि दोन्ही लगेच ओळखू येतं. सही करताना तुम्ही "हे मी पाहिलं" असं म्हणत असता.

एआयची मदत भाषा सुधारायला घ्यायची तर घ्या, पण प्रसंग तुमच्या नोंदींतूनच यायला हवेत. आठवलं नाही म्हणून त्याने रचलेला प्रसंग पत्रात गेला तर ती खोटी साक्ष झाली. आणि छात्राध्यापकाची किंवा मुलांची खासगी माहिती अशा साधनात भरू नका.

१४. प्रसंगात मुलांची नावं लिहिली तर चालतील?

नको. "एक मुलगी", "सहावीतला एक विद्यार्थी" पुरे. अपंगत्व, घरातली अडचण असे तपशीलही मूल ओळखू येईल इतके नेमके नकोत.

१५. लिहिलेलं पत्र त्याला दाखवावं का?

अर्जाच्या सूचनांत पत्र गोपनीय पाठवा असं असेल तर दाखवू नका, आणि तसं त्याला आधी सांगा. काही देशांत यावर कायदाच आहे. अमेरिकेत १९७४च्या कायद्यानुसार विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं पाहता येतात, पण शिफारसपत्र पाहण्याचा हक्क तो लेखी सोडू शकतो. समित्या सहसा न दाखवलेल्या पत्राला झुकतं माप देतात.

अशी अट नसेल तर निवड तुमची. मी एक पथ्य पाळतो : त्याच्या तोंडावर बोललो नाही असं काही पत्रात लिहायचं नाही. मग दाखवलं काय आणि न दाखवलं काय, सारखंच.

१६. छात्राध्यापिकांबद्दल लिहिताना आपले शब्द नकळत बदलतात का?

बदलतात. फ्रान्सेस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी २००३मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासली. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती, आणि त्यांत शंकेला जागा ठेवणारी वाक्यं जास्त होती. ते क्षेत्र वेगळं असलं तरी सवय ओळखीची आहे. त्याच्याबद्दल लिहिताना आपण "विषयावर पकड", "नेतृत्व" म्हणतो. तिच्याबद्दल "प्रेमळ", "मनमिळाऊ", "कष्टाळू". अपूर्णांकाचा तो तास घेणाऱ्या छात्राध्यापिकेला "मुलांची लाडकी" म्हणून संपवलं असतं, तर तिचं गणित पत्रात आलंच नसतं.

उपाय सोपा आहे. पत्र पूर्ण झालं की त्यातली व्यक्ती पुरुष आहे असं समजून एकदा वाचा. कुठलं वाक्य विचित्र वाटलं तर ते बदला. उलटही करा. लहान मुलांना शिकवणाऱ्या पुरुष छात्राध्यापकाच्या मायेबद्दल लिहायला आपण कचरतो, तेही चुकीचंच.

१७. आजारपण, गरोदरपण, घरची परिस्थिती : सुट्या का पडल्या हे लिहू का?

त्याने स्वतः सांगितल्याशिवाय आणि लिहायला संमती दिल्याशिवाय नाही. सुट्यांचा उल्लेख टाळता येत नसेल तर "राहिलेले सर्व पाठ त्याने नंतर पूर्ण केले" एवढं पुरे. लग्न, मुलंबाळं, जात, धर्म, दिसणं यातलं काहीही पत्रात नको, कौतुक म्हणूनही नको.

१८. एकाच जागेसाठी माझ्या तीन छात्राध्यापकांना पत्र हवंय. काय करू?

तिघांनाही द्या, आणि तिघांनाही सांगा की इतर दोघांना देतो आहे. प्रत्येक पत्र कोऱ्या कागदावरून सुरू करा. तिन्ही पत्रं एकाच टेबलावर येणार आहेत. एकच वाक्य तीनदा दिसलं की तिघांचंही नुकसान. तुलना पत्रात करू नका. एकाची ताकद टाचणाच्या नेटकेपणात असेल, दुसऱ्याची मुलांशी बोलण्यात, तिसरीची प्रश्न विचारण्यात. ते वेगळेपण लिहा आणि निवड समितीवर सोडा. तिघांपैकी एक खरोखर उजवा असेल, तर त्याच्या पत्रातले प्रसंगच ते दाखवतील.

१९. पत्र वाचून त्या शाळेतून फोन आला. किती सांगावं?

पत्रात लिहिलं त्याला धरून बोला. जास्तीचा तपशील द्या, पण नवी तक्रार फोनवर काढू नका. ती खरी होती तर पत्रात यायला हवी होती. "पुन्हा घ्याल का?" हा प्रश्न हमखास येतो, त्याचं उत्तर फोन उचलण्याआधी ठरलेलं असू द्या. पत्राची प्रत आणि नोंदवही हाताशी ठेवा, कारण फोन कधी कधी तीन महिन्यांनी येतो.

२०. पत्र दिल्यावर त्याच्याबद्दल गंभीर काही कळलं. आता?

गंभीर म्हणजे काय, हे आधी पाहू. एक पाठ वाईट गेला, सहकाऱ्याशी खटका उडाला, यासाठी पत्र मागे घेऊ नका. पण मुलांना मारणं, अपमान करणं, नको तशी जवळीक, खोट्या नोंदी अशी बाब असेल तर थांबू नका. ऐकीव गोष्टीवर स्वतः न्यायनिवाडा करत बसू नका. मुख्याध्यापकांना आणि महाविद्यालयाला लेखी कळवा. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर तुमच्या इथल्या नियमांप्रमाणे जिथे कळवायला हवं तिथे त्याच दिवशी कळवा. ज्यांना पत्र पाठवलं त्यांना दोन ओळी पुरतात : "अमुक तारखेचे माझे शिफारसपत्र मी मागे घेत आहे. कृपया ते विचारात घेऊ नये." कारणं त्या ओळींत घालू नका, चौकशी करणारे ती विचारतील. छात्राध्यापकालाही पत्र मागे घेतल्याचं कळवा, फक्त त्यामुळे मुलांना किंवा चौकशीला धोका होणार नसेल तेव्हाच.

२१. दोन वर्षांपूर्वीचं पत्र तारीख बदलून पुन्हा मागतायत. देऊ का?

तारीख बदलून नाही. आता ते छात्राध्यापक राहिलेले नाहीत, आणि मधल्या दोन वर्षांचं काम तुम्ही पाहिलेलं नाही. नवं पत्र लिहा. मी तेव्हा अमुक काळात पाहिलं ते हे, असं भूतकाळात मांडा, आणि सध्याच्या कामाबद्दल आताच्या मुख्याध्यापकांकडून पत्र घ्यायला सुचवा. पूर्वीचे प्रसंग तसेच वापरता येतात, ते जुने होत नाहीत. त्यांना बोलावून घेऊन सध्याचा एखादा तास कसा गेला तेही विचारा. माझ्या त्या अपूर्णांकवाल्या छात्राध्यापिकेला मी असंच विचारलं, तर तिने पिशवीतून कागदाच्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. या वर्षी तिच्या वर्गातल्या मुलांनी स्वतःच कापलेल्या होत्या.